धुलाईघराचा अर्थसंकल्प

या, पुढे सरका, अगदी जवळ बसा. देवाचं नाव मनात घेतलंत ना? मग ऐका. गोष्ट अर्थसंकल्पाची आहे. जांभई दाबू नका, आली तर येऊ द्या. पुढे तिला फुरसत मिळायची नाही. वर्षाचा पैसा कुठे घालायचा हे गाव ठरवतं तेव्हा आपला देव कुठे बसतो हेच ते ठरवत असतं. कमानीवर बसतो, की खाटेवर पडलेल्या माणसाच्या पाठीखाली? एका गावात हे भर दुपारी, भरल्या सभागृहात, चक्क काट्यावर तोलून ठरलं. कसं, ते ऐका.

नगरपरिषदेच्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला धुलाईघर होतं. लांबट खोली, वर पत्रा, एका टोकाला दोन अजस्र यंत्रं, दुसऱ्या टोकाला इस्त्रीची टेबलं आणि मधोमध बॉयलर. या बॉयलरला तिथल्या बायका सासरेबुवा म्हणत. मनाला येईल तेव्हा तापायचं, मनाला येईल तेव्हा रुसायचं, आणि उलटून बोलायची कोणाची सोय नाही. अकरा जणी कामाला होत्या आणि बारावी त्यांची मुकादमबाई.

मुकादमबाईंची एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरींत गेली. रोज सकाळी त्या आधी बॉयलरला हात जोडत, मग वाफेची चावी उघडत. चादरीवर कोण निजणार आहे हे त्यांना कधीच कळत नसे, आणि तेच त्यांना आवडायचं. नाव न विचारता केलेली सेवा थेट वर पोचते, असं त्यांचं म्हणणं. त्यांना अभिमान फक्त एका आकड्याचा होता. सहाशे. रोज सहाशे किलो कापड, धुतलेलं, वाळलेलं, घडी घातलेलं, दुपारी तीनच्या आत वॉर्डांत पोचलेलं. कोणी विचारलं, ‘काय, कसं चाललंय?’ तर उत्तर यायचं, ‘सहाशे.’ घरी नवऱ्याने विचारलं, ‘दमलीस का?’ तरीही ‘सहाशे.’ तो बिचारा मान हलवून चहा टाकायला जायचा.

तर एका सोमवारी रुग्णालयाच्या फलकावर येत्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा मसुदा लागला. पानांचा गठ्ठा दोरीने लटकवलेला. कोणी वाचणार नाही याची पूर्ण तजवीज. पण धुलाईघरातली काटेवाली, म्हणजे गाठोडी तोलून वहीत लिहिणारी, ही भारी चौकस बाई. तिने उभ्या उभ्या पानं उलटली आणि धावत आत आली.

“मुकादमबाई, आपण बंद.”

“काय बंद? सासरेबुवा?”

“सासरेबुवा, मी, तुम्ही, सगळंच. काम ठेकेदाराला. तीन महिन्यांनी कुलूप.”

यंत्रं चालूच होती, पण बायकांचे हात थांबले. काटेवालीने पाठ करून आणलेलं सांगून टाकलं. धुलाईघराला रोजचा खर्च येतो पंधरा हजार. ठेकेदार किलोला वीस घेणार. सहाशे किलोचे बारा हजार. रोजचे तीन हजार वाचले, वर्षाचे अकरा लाख. आणि दोन पानं पुढे काय? गावात शिरण्याच्या रस्त्यावर नवीन कमान, रोषणाईसह, चाळीस लाख. वाचलेले अकरा लाख त्यातच जाणार होते.

“म्हणजे आमची चूल विझवून तिकडे दिवे,” इस्त्रीवाली म्हणाली.

धाकटी अकरांमध्ये वयाने सगळ्यांत लहान. तिची दीड वर्षाची पोर कापडाच्या रिकाम्या टोपलीत बसून चिमट्यांशी खेळत होती. तिला ठेवायला दुसरी जागा नव्हती आणि टोपलीत ठेवायला परवानगी नव्हती. साहेब फेरीला आले की तिच्यावर उशीचे अभ्रे टाकत आणि ती शहाणी पोर गप्प राहायची. धाकटीने टोपली जवळ ओढून घेतली आणि मुकादमबाईंकडे पाहिलं. बाकीच्या दहाही जणी त्यांच्याकडेच पाहत होत्या.

मुकादमबाईंनी कपाळावरचा घाम पदराने पुसला. “सभा कधी आहे?”

“गुरुवारी दुपारी बाराला. कोणीही बोलू शकतं. पण नियम आहे. नुसती तक्रार ऐकत नाहीत, पर्याय द्यावा लागतो. एकीकडे वाढवलं तर दुसरीकडे घटवायचं. बेरीज आहे तेवढीच राहिली पाहिजे.”

“बेरीज,” मुकादमबाई म्हणाल्या. “त्याला आमच्या घरी माणूस आहे.”

तो माणूस म्हणजे त्यांची नणंद. अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि तेव्हापासून भावाच्या घरी राहून सगळ्यांच्या चुका काढणारी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नणंदबाई छत्री टेकत धुलाईघरात अवतरल्या. इस्त्रीच्या टेबलावर त्यांनी मसुदा पसरला, कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि टेबलाच्या काळ्या कापडावरच लिहायला सुरुवात केली.

“अगं बाई, ते कापड…” इस्त्रीवाली म्हणाली.

“धुलाईघर आहे ना? मग धुवा.”

आता पाहा, या बायकांनी आयुष्यात कधी असलं काम केलं नव्हतं. दुसऱ्याने आखलेल्या रकान्यात आपली सही करायची, एवढंच ठाऊक. आणि इथे नणंदबाई विचारत होत्या, ‘पैसा तुमच्या हातात आला तर कुठे घालाल?’ मग एकदा तोंडं उघडली ती मिटेनात. बॉयलर नवा हवा, हा निम्मी वाफ गळतीतच घालवतो. चादरी हव्यात, बायकांच्या वॉर्डात सात जणी नुसत्या रेक्झीनवर झोपल्यात, पाठी सोलून निघाल्या त्यांच्या. धाकटी हळूच म्हणाली, “पोरांना ठेवायला एक खोली.” आणि तीन परिचारिकांची नावं तिने घेतली, ज्यांनी त्याच कारणाने नोकरी सोडली होती. नणंदबाई भराभर लिहीत होत्या. बॉयलर बारा लाख. पाळणाघर नऊ लाख. चादरी आठ लाख. एकोणतीस.

“कमान रद्द केली की चाळीस मिळतात,” काटेवाली म्हणाली. “हे बघा, अकरा उरलेसुद्धा.”

“उरले नाहीत, बाई. ते अकरा म्हणजे तुम्हाला काढून वाचवलेलेच. तुम्हाला ठेवलं की ते गेले. हातात एकोणतीसच. बेरीज जुळते.” नणंदबाईंनी खडू खाली ठेवला. “पण ते हसतील आपल्याला. म्हणतील, ठेकेदार अकरा लाखांनी स्वस्त असताना तुम्हाला पोसायचं कशाला? त्याला काय उत्तर?”

अकरा लाख हा आकडा भिंतीसारखा उभा. मुकादमबाई म्हणाल्या, “ताई, तो ठेका पुन्हा वाचा. सगळा वाचा.”

नणंदबाई वाचू लागल्या, शाळेत धडा वाचावा तसं ठासून. गाडी कोण आणणार, साबण कोणाचा, उशीर झाला तर दंड किती. सहाव्या कलमाशी आल्या. “देयक हे कापड धुण्यासाठी स्वीकारतेवेळी भरलेल्या वजनावर देण्यात येईल.”

काटेवाली फिस्सकन हसली.

“हसायला काय झालं?”

“अहो, स्वीकारतेवेळी म्हणजे वॉर्डातून येतं तेव्हा. तेव्हा ते काय कोरडं असतं? रक्त, पाणी, लघवी, औषधं, सगळं पिऊन आलेलं असतं. यंत्राला चाळीस किलोच्या वर झेपत नाही, म्हणून मी प्रत्येक गाठोडं येताना तोलते. आणि जाताना परत तोलते, आपलं सहाशे बघायला.”

“येताना किती भरतं?”

“वही आहे की. आठशे वीस, आठशे साठ. सरासरी धरा आठशे चाळीस.”

नणंदबाईंचा खडू टेबलावर नाचू लागला. आठशे चाळीस गुणिले वीस. सोळा हजार आठशे. रोज. धुलाईघराचा खर्च पंधरा हजार. “अगं, ठेकेदार स्वस्त नाहीच. रोज अठराशेनी महाग आहे. वर्षाला साडेसहा लाख वर.”

बायकांनी एकच गलका केला. कोणी कोणाला मिठी मारली, कोणी टेबल वाजवलं, टोपलीतल्या पोरीने चिमटे उधळले. फक्त मुकादमबाई खाली बसल्या. मटकन. चेहरा वाफेत धरल्यासारखा लाल.

“वहिनी, काय झालं?”

“तो आकडा मी दिलाय, ताई.”

“कोणता?”

“सहाशे. दोन महिन्यांपूर्वी कचेरीतून कागद आला होता, रोजचं वजन किती म्हणून. मी छाती फुगवून लिहिलं, सहाशे. सहीसुद्धा ठोकली. आमच्यात वजन म्हणजे धुऊन दिलेलं वजन. मळाचं वजन कोण सांगेल? ते का आपलं काम असतं?” त्यांनी कपाळावर हात मारला. “आपल्याला कुलूप माझ्या सहीने लागलंय.”

बाराव्या बाईने अकरांचा गळा आपल्याच हाताने आवळला होता, आणि तोही अभिमानाने. नणंदबाई एरवी चुकीवर तुटून पडणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी खडूने भरलेला हात वहिनीच्या डोक्यावर ठेवला.

“मग तेच सभेत सांगायचं.”

“मी? त्या सगळ्यांसमोर?”

“तुम्ही सांगितलं नाही तर ते कागद काढतील आणि म्हणतील, बघा, आता सोयीने आकडा बदलतात. आधी सांगितलं तर खरं, नंतर सापडलं तर लबाडी. अडतीस वर्षं पोरांना हेच सांगत आले.”

त्या दोन दिवसांत मुकादमबाईंना घास गोड लागला नाही. देवापुढे उभं राहून त्यांनी एवढंच मागितलं की बाबा, निकाल तुझ्या हातात, पण तिथे उभी राहीन तेव्हा वाचा जाऊ देऊ नकोस.

गुरुवार उजाडला. बारा जणींनी पहाटे चारलाच यंत्रं लावली, अकराच्या आत सगळी कापडं वॉर्डांत पोचवली आणि मग निघाल्या. पुढे ट्रॉली, ट्रॉलीवर धुलाईघराचा लोखंडी काटा, काट्यावर स्वच्छ चादरींचं गाठोडं, मागे छत्री घेतलेल्या नणंदबाई. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. कोणी विचारलं, ‘काय आहे हो?’ इस्त्रीवालीने सांगितलं, ‘अर्थसंकल्प.’ आणि खरं सांगायचं तर निम्मी माणसं तिथूनच मागे लागली.

सभागृहाच्या दाराशी शिपायाने हात आडवा केला. “काटा आत नेता येणार नाही.”

“कोणत्या नियमाने?” नणंदबाईंनी विचारलं.

“नियमाने म्हणजे… आजवर कोणी आणलेला नाही.”

“तुम्ही माझ्या वर्गात होतात ना? तिसऱ्या बाकावर?”

शिपायाने हात खाली घेतला, आणि उंबऱ्यावरून ट्रॉली उचलायला त्यानेच हातभार लावला.

आत तेरा सभासद अर्धगोलात बसलेले, मधोमध नगराध्यक्षा, बाजूच्या टेबलावर हिशेब अधिकारी. हा अधिकारी चष्मा लावलेला, किडकिडीत, कागदांतून मान वर न काढणारा. मसुदा त्यानेच तयार केलेला. दुकानदारांचे पुढारी तेव्हा बोलत होते. “कमान म्हणजे गावाचा चेहरा आहे. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर काळोख असतो, गिऱ्हाईक गाव ओलांडून पुढे निघून जातं.” टाळ्या पडल्या. मग पुकारा झाला, धुलाईघर.

मुकादमबाई उभ्या राहिल्या. वाचा गेली नाही.

“मी पर्याय आणलाय,” त्या म्हणाल्या. “पण आधी एक चूक कबूल करायची आहे. मसुद्यात सहाशे किलो हा आकडा आहे, तो माझा. तो खरा आहे, पण तो धुतलेल्या कापडाचा आहे. ठेकेदाराला पैसे द्यायचे ते मळक्या कापडाचे. त्याचं वजन मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.”

“फरक असा कितीसा पडणार, बाई?” एक सभासद म्हणाले. “मळाला काय वजन असतं?”

“वॉर्डातलं कापड इथे आणलं असतं तर कळलं असतं. पण ते सभागृहात आणणं बरं नव्हे. म्हणून स्वच्छ आणलंय.” गाठोडं काट्यावर होतंच. “वाचा, साहेब.”

सभासद उठून आले, वाकले. “दहा किलो.”

“आता तुमच्यासमोरच्या पाण्याच्या बाटल्या द्या. लिटरच्या आहेत ना? चार द्या.”

नगराध्यक्षांनी आपली बाटली स्वतः पुढे केली. शेजारच्या दोघांनी दिली. चौथे सभासद म्हणाले, “माझी अर्धी प्यायलोय.” काटेवाली म्हणाली, “चालणार नाही, माप पुरं पाहिजे,” आणि पलीकडची भरलेली बाटली उचलली; सभागृह पहिल्यांदा हसलं. मुकादमबाईंनी चारही बाटल्या एकेक करून गाठोड्यावर ओतल्या. कापडाने पाणी शोषून घेतलं, एक थेंब खाली पडला नाही. एकवीस वर्षांच्या हाताला किती जिरतं ते ठाऊक होतं.

“आता वाचा.”

“चौदा.”

“वॉर्डातून येतं ते असं येतं. फक्त त्यात जे असतं, ते पाणी नसतं.”

बाटली देणाऱ्या चौघांनी एकदमच हात रुमालाला पुसले.

“किलोला वीस, साहेब. धुऊन टाकून द्यायच्या घाणीला तुम्ही वीसच्या भावाने पैसे मोजणार आहात. रोज दोनशे चाळीस किलो. मसुद्यातले अकरा लाख वाचत नाहीत. उलट साडेसहा लाख जास्त जातात. ही आमची वही, वीस वर्षांची. येताना किती, जाताना किती, रोज लिहिलेलं.”

आता मात्र गोंधळ उडाला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. दुकानदारांचे पुढारी उठून ओरडले, “म्हणजे चूक यांची, आणि शिक्षा आमच्या कमानीला? चुकीचा आकडा देणाऱ्या बाईवर आधी कारवाई करा.” दोन सभासदांनी माना डोलावल्या. एकाने सहीचा तो कागद फाईलमधून काढून वर धरला. मुकादमबाई जागच्या हलल्या नाहीत. “सही माझीच आहे,” त्या म्हणाल्या, आणि मागे धाकटीने पोरीला घट्ट धरलं, कारण आता सगळं त्या कागदावर आलं होतं.

तेवढ्यात हिशेब अधिकारी उठला. काट्याजवळ आला, वही मागून घेतली. उभ्या उभ्याच पानं चाळली. एक महिना इथला, एक तिथला. खिशातून पेन काढून तळहातावर आकडे मांडले. साडेतीनशे माणसं त्याच्या तळहाताकडे पाहत होती. मग त्याने चष्मा काढला.

“बाई म्हणतात ते बरोबर आहे,” तो म्हणाला. आवाज इतका हळू की नगराध्यक्षांनी त्याला ध्वनिक्षेपकापाशी बोलावलं. “ठेका महाग पडेल. आणि एक नोंद करून घ्या. तो कागद मी पाठवला होता. त्यात मी ‘वजन किती’ एवढंच विचारलं. कोणतं वजन, हे विचारणं माझं काम होतं. धुलाईघर माझ्या खिडकीतून दिसतं. मी एकदाही जाऊन पाहिलं नाही. त्यांनी उत्तर खरं दिलं. प्रश्न मी अर्धा विचारला. चूक माझी.”

कचेरीतला माणूस, भरल्या सभेत, वरिष्ठांसमोर, कोणी मागितलेलं नसताना स्वतःची चूक नोंदवून घेतो, हे त्या तेरा जणांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वर धरलेला तो सहीचा कागद सभासदाने खाली घेतला आणि फाईलमध्ये नेमका कुठे होता ते शोधू लागला.

मग नणंदबाईंनी पर्याय वाचला, बॉयलर, चादरी, पाळणाघर, बेरीज तीच. मुकादमबाईंनी एकच वाक्य जोडलं, “कमान पाहायला माणूस गावात येईल, पण आजारी पडला तर आमच्याच चादरीवर येईल.” चर्चा तासभर चालली आणि तासभर कोणी जागचं उठलं नाही. दुकानदारांचे पुढारीही शेवटी बरेच नरमले. कमान नको तर नको, पण रस्त्यावर काळोख आहे तो आहेच, असं म्हणाले. ते खरंच होतं. शेवटी तडजोड झाली. पाळणाघर आधी सहा महिने चालवून पाहायचं, आणि त्यातून सुटलेल्या साडेचार लाखांत त्या रस्त्याला साधे खांब आणि दिवे.

“साडेचार गेले,” नणंदबाई पुटपुटल्या.

“ताई, गप्प बसा, हात मोजताहेत,” मुकादमबाई म्हणाल्या.

बाजूने नऊ. विरोधात चार. धुलाईघर राहिलं.

काय सांगावं मग. काटेवाली त्या काट्यावरच बसली आणि आपलं वजन वाचून म्हणाली, हा आकडा मात्र कुठे कळवू नका. धाकटीची पोर या हातातून त्या हातात फिरत थेट नगराध्यक्षांच्या मांडीवर पोचली. तिला आज कोणी अभ्र्याखाली लपवलं नाही आणि तिनेही याचा पुरेपूर फायदा घेऊन सभागृह दणाणून सोडलं. मुकादमबाईंचे डोळे वाहत होते. त्या गर्दीतून वाट काढत हिशेब अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेल्या, पण तो तिथे नव्हता. खुर्ची रिकामी, कागद नीट रचून ठेवलेले. शिपाई म्हणाला, साहेब मागच्या दाराने गेले, तुमच्या धुलाईघराकडे. म्हणाले, एकदा पाहून येतो.

मंडळी, मुकादमबाईंची आठवण ठेवायला त्यांच्या अकरा जणी आहेत, घरचे आहेत, रोज धुतलेल्या चादरीवर टेकणारी पाठ आहे. नणंदबाईंना तर कोणी विसरू म्हटलं तरी त्या विसरू देणार नाहीत. पण त्या किडकिडीत माणसाची त्या एका नोंदीपायी पुढे बढती अडली, नाव कुठल्या पाटीवर लागलं नाही, दुसऱ्या कचेरीत कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि तिथेही तो मान खाली घालून काम करत राहिला. आज हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की एक श्वास थांबा, आणि चूक माझी म्हणून उभा राहिलेल्या त्या हिशेबनीसाची आठवण ठेवा.